घटण्याची जागा

घशाच्या ऑपरेशननंतर लाबानबुवांचा आवाज कायमचा गेला, म्हणून आज चर्चमध्ये कीर्तनाला शिष्य सीलास उभा होता आणि बुवा मागे टाळ घेऊन. आख्यान होतं येशूची साक्ष देणाऱ्या योहानाचं. ‘तो वाढावा, मी घटावं’ या त्याच्या येशूबद्दलच्या ओळीवर बुवा जन्मभर टिपेची तान घेत आले होते.

सीलासनं ‘मी घटावं’ म्हणताना आवाज इतका खाली आणला, की ऐकायला सगळी मंडळी पुढे झुकली.

“बुवा, पोरानं रडवलं की हो!” कीर्तन संपल्यावर सारामावशी डोळे पुसत म्हणाली. “तुमच्या वेळी आम्ही नुसत्या टाळ्या पिटायचो.”

बुवांना ओळ आज कळली, तर गायला गळाच उरला नव्हता.

सीलास पाया पडला. “गुरुजी, ‘मी घटावं’ची जागा बरोबर आली ना?”

आता साक्ष बुवांनी द्यायची होती, नुसती मान हलवून. ‘प्रभू, एवढं तरी करून घे,’ ते आतल्या आत विनवत राहिले. मान हलली नाही.

“चुकलो, गुरुजी. पुढच्या वेळी तुमच्यासारखीच घेईन,” सीलास म्हणाला.