मृदुला लिहीत आहे

इंदुबाई साठीनंतर लेकीकडून लिहाय-वाचायला शिकल्या. लेक मृदुला चैत्रात गेली, पण ती नोकरी करायची त्या पाककृतींच्या वेबसाइटवरचं तिचं खातं टॅबवर उघडंच राहिलं. रोज दुपारी बाई तिचा अर्धवट राहिलेला फणसाच्या भाजीचा लेख उघडून एखादं वाक्य जोडायच्या.

परवा वेबसाइटला नवं अपडेट आलं. आता या क्षणी कोण लिहितंय, हे ऑफिसात सगळ्यांना दिसू लागलं.

फोन वाजला. ऑफिसात मृदुलाच्या शेजारी बसणारी अनघा होती. "कोण आहे तिथं? इथं 'मृदुला लिहीत आहे' असं दिसतंय!"

"अगं मीच, तिची आई. चुकलं माझं. आता नाही गं उघडणार." त्यांनी लेख बंद केला.

पलीकडून रडणंच ऐकू आलं. "काकू, तिचं नाव गेलं हो इथून. परत उघडा ना."