उघडी कडी

"आज परत कडी उघडी! आईला आता काही म्हणजे काही आठवत नाही," नवरा माझ्या कानाशी कुरकुरला.

सासूबाई एकदा रस्ता चुकल्या, तेव्हापासून आमच्या फाटकाला कुलूप असतं. त्यांचं मन रमावं म्हणून नवऱ्याने दोन ठेंगण्या बकऱ्या आणल्या, जेमतेम मांजराएवढ्या. बाटलीने दूध पाजणं, कोवळा पाला भरवणं, सगळं सासूबाईच करतात. त्यामुळे त्या दोन भवान्या दुसऱ्या कुणाच्या हाकेला ढुंकून बघत नाहीत. त्यांच्या खोपटाची कडी लावायची राहिली की फाटकाच्या गजांतून सुळकन रस्त्यावर! मग नाइलाजाने कुलूप काढून सासूबाईंनाच पाठवावं लागतं, आणि चार पावलं मागे मी.

आज बकऱ्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दारात लगेच सापडल्या. सासूबाई मात्र तिथे चहा घेऊन, त्याच्या बायकोशी पोटभर बोलूनच परतल्या.

फाटकाला कुलूप घालताना नवरा जपून म्हणाला, "आई, कडी लावायला विसरत जाऊ नकोस गं."

त्यांनी बकऱ्यांना खोपटात घातलं, कडी नीट लावली आणि त्याच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं.



"विसरत नाही रे बाळा. त्या पळाल्या, तरच तू मला बाहेर सोडतोस."