सीटवरचं वजन

आयोवातल्या आपल्या परसात व्हर्लीन सकाळपासून ट्रॅक्टरशी झुंजत होती. गवत कापायचा तो छोटा ट्रॅक्टर लिलावातून आणल्यापासून पुढे सुसाट धावायचा, रिव्हर्सला मात्र मुंगीच्या पावलांनी सरकायचा.

"दोघं बसल्यासारखा चालतोय," कुंपणापलीकडून शेजारी ऑरिन हसला. "नाद सोड गं त्याचा!"

"सोडते कसला! याला वठणीवर आणल्याशिवाय मी जेवणार नाही."

बेल्ट बदलून झाला होता, गिअरच्या तेलात अडकलेली हवा काढून झाली होती. शेवटी तिने दातओठ खात पेडलच्या दांडीचा नट पिळला, सीटवर बसली आणि रिव्हर्स दाबला. ट्रॅक्टर झपकन मागे आला.

"बघितलंस?" ओरडत ती उतरली आणि मागचं चाक तपासायला ट्रॅक्टरमागे जाऊन वाकली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, इंजिन चालूच आहे. सीटवरचं वजन उठलं की ते आपोआप बंद पडायला हवं.

तिने मान वर केली. सीटची स्प्रिंग अजून दबलेलीच होती.

"व्हर्लीन," ऑरिनच्या आवाजात आता हसू नव्हतं, "तिथून बाजूला हो."

चाकांच्या मधून तिला पलीकडचं दिसत होतं. रिव्हर्सचं पेडल हळूहळू खाली जात होतं.