खणखणीत मडकं
शाळेला कंटाळून काकांच्या घरून पळालेल्या पोराला नाववाल्या मावशीने मडकी विकायला बसवलं होतं. आज त्याने धक्क्यावरच्या म्हातारीपुढे खणखणीत मडकं वाजवलं आणि तडकलेलं तिच्या गळ्यात मारलं. नाव सुटल्यावर ही हुशारी मावशीला रंगवून सांगितली. मावशी हसली नाही. “पाणी भरून ठेवेल बिचारी,” वल्हं मारत म्हणाली, “सकाळी बघेल तर थेंब नाही.” पोराने मागे पाहिलं. धक्क्यावर काका हाताने उंची दाखवत ज्याला त्याला विचारत होते. तो चटईखाली दडला, पण क्षणभरच. मग चांगलं मडकं डोक्यावर धरून छातीभर पाण्यात उतरला. काका धावत आले. “पळत नाही मी,” तो धापा टाकत म्हणाला. “आधी हे म्हातारीला देऊ द्या, मग धरा.” “घर कुठंय म्हातारीचं?” काकांनी विचारलं आणि कान पिळायला उचललेला हात मडक्याखाली धरला.