प्रकार : कादंबरी

"कादंबरी?" बाबांनी काउंटरवरच्या संगणकाच्या पडद्यावर बोट आपटलं. "माझं आत्मचरित्र आहे ते! मुखपृष्ठावर एवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय. तुमच्या लोकांना वाचता येत नाही का?"

तुमच्या लोकांना म्हणजे त्यांच्याच मुलीला. या ग्रंथालयात कोणतं पुस्तक कोणत्या प्रकारात नोंदवायचं, हे तीच ठरवायची. बाबांनी हौसेनं भेट दिलेल्या प्रतीपुढे 'कादंबरी' तिनेच लिहिलं होतं. बाबांना एवढंच अजून ठाऊक नव्हतं.

तिचं डोकं सकाळपासूनच उठलेलं होतं. प्रकाराच्या रकान्यात आजवर ज्याला जे सुचलं ते त्याने लिहून ठेवलं होतं. कादंबरी, कादंबऱ्या, मोठी गोष्ट, रडकी गोष्ट. एका महाभागाने तर प्रवासवर्णनांच्या अख्ख्या कपाटाला 'जाड' असा प्रकार बहाल केला होता. हा गुंता सोडवायला तिने नियम लिहिले, छापून भिंतीवर लावले आणि हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागली. तेव्हापासून तिला रकानेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत.

आवाज ऐकून ग्रंथपाल आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी पडदा पाहिला, बाबांकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"बाई, आपला पहिला नियम काय आहे?"

"पुस्तक स्वतःला जे म्हणवतं, तेच लिहायचं. खरं-खोटं करणं आपलं काम नाही."

"आणि तो लिहिला कुणी?"

"मी."

"मग हे काय?"

चूक झाली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण तेवढंच तिच्या तोंडून निघेना. तिने पुस्तक उचललं, मधलं पान उघडलं आणि वाचलं, "'रोज सकाळी मी मुलीला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडत असे. कितीही काम असो, त्यात कधी खंड पडला नाही.'"

"छान आहे की!" ग्रंथपाल म्हणाले.

"छान आहे. पण झालेलं नाही."

बाबांचं पडद्यावरचं बोट खाली आलं. "म्हणजे ते कादंबरी... तू लिहिलंस?"

तिने मान डोलावली. बाबांची नोकरी फिरतीची. घरी यायचे ते मळक्या कपड्यांची बॅग घेऊन, जायचे ते धुतलेल्या कपड्यांची. त्याचा तिला राग नव्हता. पोटापाण्याचा प्रश्न होता, करणार काय? राग वेगळाच होता. डबा खाता खाता तिने ते पान वाचलं आणि क्षणभर तिला सगळं आठवलं. तोंडावर येणारा वारा, पाठीला लागणारा बाबांचा सदरा. जे कधी घडलंच नाही, ते लख्ख आठवलं. आणखी एकदा वाचलं असतं, तर तिने शपथेवर सांगितलं असतं की बाबा सोडायचे. मग शाळेच्या चढावर जी एकटी मुलगी होती, ती कुठे जाणार होती?

"अहो बाई, माणसं थोडं इकडचं तिकडे लिहितातच," ग्रंथपाल म्हणाले. "असं धरत बसलात तर आत्मचरित्रांचं कपाटच रिकामं होईल. बदला ते." आणि ते आत गेले.

त्यांचं बरोबर होतं. त्यामुळे ती आणखीच वैतागली. तिने रकाना उघडला, 'कादंबरी' खोडलं, 'आत्मचरित्र' केलं आणि पडदा बाबांकडे फिरवला.

"झालं तुमच्या मनासारखं. बघा."

बाबांनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि तेच पान लांब धरून वाचलं.

"अगं, एवढं आयुष्य लिहायचं," ते पुटपुटले, "तर त्यात मुलगी एका पानावर तरी यायला नको का?"

"मग जे झालं ते लिहायचं ना, बाबा!"

वाचनकक्षातल्या दोन-चार माना वर झाल्या. तिच्या स्वतःच्याच ग्रंथालयात ती ओरडली होती.

"जे झालं ते मला कुठे ठाऊक आहे?" बाबा म्हणाले.

तिने उगीचच शाईचा शिक्का उचलून दुसरीकडे ठेवला. बाबांनी पुस्तक मिटलं, पण त्या पानात बोट तसंच राहू दिलं.

"सायकल तरी खरी ना?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"सायकल खरी. तुम्ही घरीच ठेवून जायचात. आई कामावर गेली की मी काढायचे आणि शाळेत न्यायचे."

"अगं, केवढी उंच होती ती! तुझे पाय कसे पुरायचे?"

"नाहीच पुरायचे. दांडीखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि अर्धे अर्धे पायडल मारत जायचं. शाळेच्या चढावर उतरून ढकलायची."

बाबांनी चष्मा काढला.

"पडली असशील," ते म्हणाले.

"हो."

"कुठे लागलं?"

आजवर हे तिला त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिने हात काउंटरवर ठेवला आणि कोपरापर्यंत बाही वर सारली.