तिसरं वायरिंग

शेवटी त्याने उंदराला गाडी देऊन टाकली. पण असं काही झालेलंच नाही, असं घरात सर्वानुमते ठरलं आहे. म्हणून आपणही गाडी अजून त्याचीच आहे असं धरून चालू.

बॉनेट उघडं होतं आणि तीन माणसं आत डोकावत होती: तो, त्याच्या सासूबाई आणि गॅरेजवाला. गॅरेजवाल्याने कुरतडलेल्या वायरचं टोक चिमटीत धरून वर केलं.

"साहेब, आधी हा नुसतं वरचं आवरण खायचा. आता तांब्यापर्यंत पोचलाय."

"सराव झाला असेल," तो म्हणाला.

हे तिसरं वायरिंग होतं. पहिल्याचे पैसे त्याने पगारातून भरले. दुसऱ्याच्या वेळी तो विमा कंपनीत गेला, तेव्हा तिथल्या बाईंनी फार सहानुभूतीने सांगितलं की उंदीर हा अपघात नसून सवय आहे, आणि सवयींना भरपाई नसते. तिसऱ्यासाठी पाळण्याचे पैसे काढले. पाळणा म्हणजे खराखुरा पाळणा, दुकानात पसंत करून ठेवलेला. बायकोला डॉक्टरांनी याच आठवड्यातली तारीख दिली होती. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि त्यांची इमारत अशा चढावर, की भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर "पोचलोच" म्हणायचा आणि मग त्याचा फोन बंद लागायचा. गाडी सुरू होणं भाग होतं. तेही आजच, कारण गॅरेजवाला उद्या गावाला निघाला होता.

उंदराविरुद्धची मोहीम सासूबाईंच्या हातात होती. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आल्या आणि आल्या दिवसापासून पार्किंगमध्येच जास्त दिसायला लागल्या. त्यांनी टायरांभोवती तिखट टाकलं. शेजारचे आजोबा दोन दिवस शिंकत होते. इंजिनात डांबरगोळ्या टांगल्या. गाडीला कपाटातल्या ठेवणीच्या कपड्यांचा वास यायला लागला, उंदीर यायचा थांबला नाही. पिंजरा लावला, त्यात त्यांचीच चप्पल अडकली. "उंदराला दया दाखवली ना, की तो डोक्यावर बसतो, जावईबापू," असं त्या रोज म्हणायच्या. त्यांचं एवढं एकच म्हणणं त्याला पटायचं.

"नवं बसवायच्या आधी सगळं उघडून बघतो," गॅरेजवाला म्हणाला. त्याने एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, झाकण उचललं आणि ते तसंच हातात धरून ठेवलं.

आत घरटं होतं. सीटचा फोम, वायरचं आवरण आणि सासूबाईंच्या विणकामातली पिवळी लोकर, सगळं बारीक करून नीट अंथरलेलं. त्यात बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. उंदरीण पळाली नाही. ती पिल्लांवर आडवी झाली आणि तिघांकडे बघत राहिली.

पाळण्याचे पैसे गेले होते, पण पाळणा तयार होता.

"सापडला!" तो ओरडला. "आई, पिंजरा आणा. नाहीतर झाडू आणा. काहीही आणा!"

सासूबाई हलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"झाकण लाव रे," त्या गॅरेजवाल्याला म्हणाल्या.

"लावतो काकू, आधी हे बाहेर..."

"ओली बाळंतीण आहे ती. झाकण लाव."

"आई, उंदीर आहे तो!"

"मला दिसतंय." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझी लेक वर अवघडून बसलीय, जावईबापू. आणि आज मी दुसऱ्या कुणाला तान्ह्या पिल्लांसकट बाहेर काढू? माझी नाही हिंमत. तुमची असेल तर तुम्ही काढा."

त्याने हात पुढे केला. उंदरीण तरीही हलली नाही. मग तो हात मागे आला आणि खिशात गेला, जसा काही रुमाल काढायलाच निघाला होता.

तेवढ्यात बायको कमरेवर हात ठेवून, एकेक पायरी करत खाली आली. तिला जमेल तेवढं वाकून तिने डब्यात पाहिलं.

"किती आहेत?"

"सात," गॅरेजवाला म्हणाला.

"बाई गं. आणि ही एकटीच?"

इथे प्रकरण निकालात निघालं.

गॅरेजवाल्याने झाकण लावलं आणि पाने पिशवीत भरायला घेतले. "आता गाडी सुरू करायची नाही, साहेब. डोळे उघडले की आपले आपण जातील. पंधरा दिवस धरा. तोवर मीही येतो गावाहून."

"आणि हिची तारीख?" त्याने विचारलं. "ती याच आठवड्यातली आहे. ती कोण पुढे ढकलणार?"

सासूबाईंनी बॉनेट हलक्या हाताने खाली टेकवलं, आवाज होऊ न देता.

त्याने बायकोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. तो कचेरीत पत्रांचे मसुदे लिहायचा, आणि घाबरला की त्याला तेवढी एकच भाषा यायची. तो तिथेच, पार्किंगच्या फरशीवर गुडघे टेकून बसला. घसा खाकरला. तिच्या पोटाशी तोंड नेलं आणि म्हणाला:

"आपणास कळविण्यात येते की, आपल्यासाठी राखून ठेवलेले वाहन अपरिहार्य कारणास्तव आपल्याहून लहान व्यक्तींना देण्यात आले आहे. तरी आपण आपले आगमन पंधरा दिवसांनी पुढे ढकलावे, ही नम्र विनंती."