न जुळलेलं उत्तर

“सासू हयात आहे का?” दुभाष्यानं साहेबाचा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

सिउ-फुंगच्या ओठांवर ‘हो’ तयार होतं. पायऱ्या किती, तांदळाचा रांजण कुठं, विहीर किती पावलांवर, इथवर सगळं नवऱ्याच्या जबाबाशी जुळलं होतं. हे शेवटचंही जुळणार होतं, कारण सकाळीच स्वयंपाकघरातून आलेल्या वाफवलेल्या पावाच्या पोटात चिठ्ठी निघाली होती. शेजारच्या खाटेवरच्या लाम काकूंनी ती वाचली आणि चावून गिळून टाकली.

“नवऱ्यानं काल सांगितलंय, आई खुशाल आहे. तूही तेच सांग,” त्या म्हणाल्या होत्या. “इथं खरं-खोटं कोण बघतंय, पोरी? जुळतंय का, तेवढं बघतात. नाही जुळलं की पहिल्या बोटीनं परत.”

अमेरिकेत शिरू पाहणाऱ्यांची चौकशी होते त्या या बेटावर अडकून तिला तीन महिने झाले होते. जाळीतून पाण्यापलीकडं सान फ्रान्सिस्को दिसायचं. तिथं तिच्या नवऱ्याचं, टक-सिंगचं, कपडे धुण्याचं दुकान. त्याला घर सोडून आठ वर्षं झाली; त्यातली सहा, चिनी बायकोनं नवऱ्याकडं यायचंच नाही, असा इथला कायदा होता. गेल्या साली दार जरा किलकिलं झालं, तेही कायद्याआधीच्या लग्नांपुरतं.

आणि सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. परमुलखातल्या माणसाला वाईट कळवायचं नाही, ही गावची रीत. पत्र लिहून देणारे मास्तर दर वेळी तेच लिहीत: आई खुशाल, भात बरा, डुकरीण व्यायली. तिरडीपुढं धूपपात्र धरून लेकानं चालायचं. लेक नव्हता, म्हणून सिउ-फुंग चालली. सगळा गाव बघत होता.

तिनं ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्या धूपपात्राची ऊब तळहातांना जाणवली. आपल्या हातांनी रीतसर पोचवलेल्या म्हातारीला आता शपथेवर माघारी ओढायचं? कुआन-यिन देवीपुढं मग कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

“नाहीत,” ती म्हणाली. “तीन वर्षं झाली जाऊन.”

साहेबानं नकारार्थी मान हलवली आणि पेन खाली ठेवलं. दुभाष्या तिच्याच मुलखातला होता. कागद सारखे केल्यागत करत तो पुटपुटला, “ताई, तो जिवंत म्हणालाय. चुकून बोलले म्हण. अजून वेळ आहे.”

“चुकून नाही बोलले, भाऊ. साहेबांना सांग, खोटी बायको असते तर उत्तरं घोकून आले असते. ज्याच्याकडं तुम्ही मला येऊ दिलं नाही, म्हणून ज्याला आईचं मरणसुद्धा कळलं नाही, त्याची मी बायको. हे न जुळलेलं उत्तर तुमच्या कायद्याचं आहे. लिहा. खाली अंगठा मी उठवते.”